मराठी अनुवादाच्या बाउंटीत उतरण्याआधी क्रिप्टो प्रकल्पाची चौकशी कशी करावी?

मिरजेची अनुवादक (प्रश्न)

नमस्कार.

मी मिरजेला राहते आणि गेली सहा वर्षे इंग्रजीतून मराठीत अनुवाद करण्याचा व्यवसाय करते. औषधांची माहितीपत्रके, यंत्रांच्या वापरपुस्तिका असे काम असते. पैसे उशिरा मिळतात, पण रुपयांत मिळतात. पंधरा दिवसांपूर्वी ओळखीच्या एका मुलाने मला एका क्रिप्टो प्रकल्पाच्या बाउंटी मोहिमेचा, म्हणजे प्रकल्पासाठी अनुवाद-प्रचाराची कामे करून मोबदला मिळवण्याच्या मोहिमेचा, दुवा पाठवला. त्या प्रकल्पाला आपला व्हाइटपेपर (प्रकल्पाची योजना मांडणारा दस्तऐवज) मराठीत करून हवा आहे आणि टेलिग्रामवर मराठी गट उघडून तो तीन महिने सांभाळणारी व्यक्तीही हवी आहे. मोबदला त्यांच्याच टोकनमध्ये, म्हणजे त्यांनी काढलेल्या आभासी नाण्यांत, मिळणार आहे आणि तोही टोकनची विक्री संपून ते एखाद्या एक्स्चेंजवर (क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात) आल्यानंतर.

नियमांत असे लिहिले आहे की एकूण टोकनांपैकी १ टक्का, म्हणजे २० लाख टोकन, बाउंटीसाठी राखून ठेवले असून त्यांतील १० टक्के अनुवादकांचे आहेत. विक्रीची किंमत प्रत्येकी ५ सेंट आहे. त्या हिशेबाने अनुवादकांच्या वाट्याला १० हजार डॉलर येतात आणि सध्या यादीत मराठी धरून सातच भाषा आहेत. आकडा वाचून मन चाळवले हे कबूल करते.

माझ्या परीने मी चौकशी केली. संकेतस्थळ देखणे आहे, व्हाइटपेपर ३८ पानांचा आहे, सहा जणांच्या चमूची छायाचित्रे आहेत, लंडनमधील कंपनीचे नोंदणी प्रमाणपत्र आणि कॉन्ट्रॅक्टचे, म्हणजे टोकन चालवणाऱ्या संगणकीय कोडचे, ऑडिट झाल्याचे प्रमाणपत्रही लावलेले आहे. टेलिग्रामवरील मुख्य गटात ४० हजार सदस्य आहेत. वरवर पाहता खोट काढण्यासारखे काही दिसत नाही. मात्र खोट असती तरी मला ती ओळखता आली असती का, या विचाराने मी अस्वस्थ आहे. औषधाच्या माहितीपत्रकात मात्रेचा आकडा चुकलेला असला तर माझ्या लक्षात येतो, कारण तेथे तो कशाशी ताडून पाहायचा हे मला ठाऊक असते. येथे कशाशी ताडून पाहायचे?

दोन पानांचा नमुना अनुवाद मी त्यांना पाठवला असून तो त्यांना पसंत पडला आहे. आता अर्ज भरून वॉलेटचा (टोकन ज्यात जमा होतात त्या खात्याचा) पत्ता द्यायचा आहे. त्याआधी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

---

जुना बाउंटीवाला

ताई, २०१७ आणि २०१८ ही दोन वर्षे मी बिटकॉइनटॉक या क्रिप्टोच्या चर्चामंचावर हाच उद्योग केला आहे, त्यामुळे मोहिमेच्या नियमांविषयी लिहितो. कोड आणि कागदपत्रे यांविषयी येथे माझ्यापेक्षा अधिकाराने लिहिणारे आहेत.

तुमचा १० हजार डॉलरचा हिशेब ‘बाजारात तुरी’ या जातीचा आहे. ५ सेंट ही किंमत अजून कोणी मोजलेली नाही, ती प्रकल्पाने स्वतःच्या हाताने लिहिली आहे. टोकनला किंमत येते ती ते विकत घेणारा समोर उभा राहिल्यावर. म्हणून प्रकल्प चांगला की वाईट याच्याही आधी, तुम्ही टोकन विकायला काढाल त्या दिवशी ते घेणार कोण, हे विचारा. त्याच दिवशी त्याच मोहिमेतील शेकडो लोक विकायला बसलेले असतात, कारण ट्विट करून किंवा मंचावरील संदेशांखालच्या स्वाक्षरीत जाहिरात लावून मिळवलेले टोकन जपून ठेवण्याची इच्छा त्यांच्यापैकी फारशी कोणाला नसते. घेणारे असतात ते आपल्याच जाहिराती वाचून आलेले नवखे लोक. आपला मोबदला शेवटी त्यांच्या खिशातून येतो, हे मला पहिल्या वर्षात कळले नव्हते.

आता नियमांचे वाचन. बहुतेक मोहिमांत मोबदला ‘स्टेक’ या एककात मोजतात. दर आठवड्याच्या कामाला ठरावीक स्टेक मिळतात आणि शेवटी राखीव टोकन एकूण स्टेकच्या प्रमाणात वाटले जातात. तुमचा वाटा तुमच्या कामावर जितका अवलंबून असतो तितकाच दुसऱ्या किती जणांना आत घेतले यावरही असतो. आज सात भाषा आहेत, पण आठव्या भाषेला बंदी आहे असे नियमांत कोठे लिहिले आहे का, ते पाहा. नसेल तर शेवटच्या पंधरवड्यात पंचवीस भाषा झालेल्या मी पाहिल्या आहेत. ‘नियमांत बदल करण्याचा अधिकार प्रकल्पाकडे राखीव’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक मोहिमेत असते. त्याचा अर्थ तुम्ही तीन महिने काम केल्यानंतरही मोबदल्याची टक्केवारी बदलू शकते, एवढा सरळ आहे. विक्रीचे लक्ष्य पूर्ण झाले नाही तर बाउंटीचे टोकन त्या प्रमाणात कमी होतील अशी अट बहुधा तळाशी दडलेली असते. टोकन मिळाल्यावर ते किती महिने गोठवलेले राहतील आणि ओळखपत्राची पडताळणी कधी मागणार, हेही वाचा. पडताळणी आधी मागितली तर एक वेळ समजू शकते. काम संपल्यावर, टोकन देण्याच्या वेळी, अचानक पासपोर्टचे छायाचित्र मागणारे दोन हेतूंनी मागतात. काही लोक गळून पडावेत हा एक हेतू, आणि तुमची कागदपत्रे हाती यावीत हा दुसरा.

चौकशीची माझी सर्वांत उपयोगी युक्ती फुकटची आहे. मोहीम चालवणाऱ्या व्यवस्थापकाचे नाव घ्या, त्याने आधी चालवलेल्या तीन मोहिमांचे मंचावरील चर्चाधागे उघडा आणि सरळ शेवटच्या पानावर जा. पहिल्या पानावर सगळेच शुभेच्छा देतात. शेवटच्या पानावर ‘टोकन मिळाले, आभार’ असे संदेश आहेत की ‘व्यवस्थापक चार महिने उत्तर देत नाही’ असे आहेत, यावरून त्या माणसाची पत कळते. राखीव टोकन किंवा पैसे तिसऱ्या विश्वासू व्यक्तीच्या ताब्यात एस्क्रो म्हणून ठेवले आहेत का, असे सार्वजनिक धाग्यावरच विचारा. उत्तर काय येते याइतकेच ते येते की प्रश्नच पुसला जातो, हे महत्त्वाचे.

माझी स्वतःची गोष्ट थोडक्यात सांगतो. २०१८ मध्ये एका प्रकल्पासाठी (नाव घेत नाही) मी चौदा आठवडे दररोज लिहीत होतो. टोकन मिळाले, पण ते ज्या एकमेव एक्स्चेंजवर आले तेथे दिवसाला शंभर डॉलरचीही उलाढाल नव्हती आणि टोकन तेथवर पाठवायला लागणारे, इथर या क्रिप्टो चलनातले शुल्क टोकनांच्या मोलापेक्षा जास्त होते. ते टोकन आजही त्या पत्त्यावर पडून आहेत. त्याच वर्षी जानेवारीत बिटकॉइनटॉकने ‘मेरिट’ पद्धत (चांगल्या संदेशांना सदस्यांनी गुण देण्याची) आणली, ती आमच्यासारख्यांनी केवळ बाउंटीसाठी निरर्थक संदेशांचा रतीब घातल्यामुळे, हेही येथे नोंदवून ठेवतो.

---

इथरस्कॅनवाला

मूळ प्रश्न कशाशी ताडून पाहायचे असा आहे आणि तो अगदी योग्य आहे. तुम्ही दिलेल्या यादीतील एकूण एक वस्तू प्रकल्पाने स्वतः तुमच्यासमोर मांडलेली आहे. चौकशी म्हणजे त्यातील प्रत्येक वस्तूला प्रकल्पाबाहेरचा साक्षीदार शोधणे.

छायाचित्रांपासून सुरुवात करू. सहाही छायाचित्रे एकेक करून छायाचित्रावरून शोध घेणाऱ्या सेवेत टाका. हे काम पाच मिनिटांचे आहे. बेनेबिट नावाच्या प्रकल्पाने चमूची म्हणून लावलेली छायाचित्रे इंग्लंडमधील एका शाळेच्या संकेतस्थळावरून उचललेली होती. जानेवारी २०१८ मध्ये हे उघड होताच संकेतस्थळ गायब झाले आणि त्याबरोबर लोकांचे पैसेही. मिरोस्की नावाच्या दुसऱ्या प्रकल्पाने तर आपला ग्राफिक डिझायनर म्हणून हॉलिवूडचा अभिनेता रायन गॉसलिंग याचेच छायाचित्र लावले होते. सेंट्रा टेक या प्रकल्पाचा मुख्याधिकारी मुळात अस्तित्वातच नव्हता आणि व्हिसा, मास्टरकार्ड यांच्याशी असलेली म्हणून सांगितलेली भागीदारीही बनावट होती. तरीही त्याने २०१७ मध्ये कोट्यवधी डॉलर जमवले, कारण मुष्टियोद्धा फ्लॉइड मेवेदर आणि संगीतकार डीजे खालेद यांनी त्याची जाहिरात केली होती. आता चेहरे संगणकाकडून बनवून घेता येतात, म्हणून छायाचित्र कोठेच सापडले नाही तर निर्धास्त होऊ नका. त्या व्यक्तीने पूर्वी कोठे काम केले, कोठे व्याख्यान दिले, तिच्याविषयी तिच्या सहकाऱ्याने काही लिहिले आहे का, असा प्रकल्पाच्या जन्माआधीचा माग शोधा.

लंडनच्या प्रमाणपत्राने मला काहीच वाटले नाही. ब्रिटनच्या कंपनीज हाउस या नोंदवहीत अगदी अलीकडेपर्यंत संचालकांची ओळख पडताळली जात नसे आणि मे २०२४ पूर्वी ऑनलाइन नोंदणीला अवघे १२ पौंड लागत. बिटकनेक्ट या पुढे कोसळलेल्या क्रिप्टो योजनेनेही ब्रिटनमध्ये कंपनी नोंदवली होती. मात्र त्या नोंदवहीचा उलटा उपयोग होतो, कारण ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. कंपनी कधी स्थापन झाली, पत्ता भाड्याने मिळणारा आहे का, त्याच पत्त्यावर आणखी किती कंपन्या आहेत आणि संचालकाचे नाव संकेतस्थळावरील चमूत आहे का, हे तेथे पाहा.

व्हाइटपेपरच्या बाबतीत तुम्ही आम्हा सर्वांपेक्षा सरस आहात, कारण अनुवादकाइतके बारकाईने तो दुसरे कोणी वाचत नाही. मधल्या पानांवरील तांत्रिक वाक्ये अवतरणचिन्हांत घालून शोधा. वॉल स्ट्रीट जर्नलने मे २०१८ मध्ये १,४५० प्रकल्पांची कागदपत्रे तपासली तेव्हा २७१ प्रकल्पांत उचलेगिरी, खोटी नावे किंवा हमखास परताव्याची आश्वासने आढळली होती. अनुवाद करताना जे वाक्य कितीदा वाचूनही मराठीत उतरत नाही, त्या वाक्यात बहुधा अर्थच नसतो. तसे वाक्य सापडले की त्याचा अर्थ प्रकल्पाच्या तंत्रज्ञाला विचारा.

ऑडिटचे प्रमाणपत्र प्रकल्पाच्या संकेतस्थळावर पाहू नका. ऑडिट करणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन मूळ अहवाल उघडा आणि त्यातील कॉन्ट्रॅक्टचा पत्ता प्रत्यक्ष टोकनच्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर जुळवा. अहवाल खरा असला तरी तो कोडमधील चुकांपुरता असतो, माणसांच्या हेतूंबद्दल नव्हे. मर्लिन नावाच्या एक्स्चेंजचे ऑडिट झालेले असूनही एप्रिल २०२३ मध्ये तेथून सुमारे १८ लाख डॉलर नाहीसे झाले. मालकाच्या हाती एकवटलेल्या अधिकारांचा धोका त्या अहवालात नोंदवलेला होता, पण लोकांनी प्रमाणपत्राचे चित्र तेवढे पाहिले.

त्यानंतर कॉन्ट्रॅक्ट. टोकन इथिरियम या ब्लॉकचेनवर असेल तर इथरस्कॅन आणि बीएनबी चेनवर असेल तर बीएससीस्कॅन या, ब्लॉकचेनवरील नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर तो पत्ता टाका. मूळ कोड प्रसिद्ध केलेला नसेल तर तेथेच थांबावे असे माझे मत आहे. प्रसिद्ध असेल तर त्यात मालकाला नवे टोकन छापता येतात का, व्यवहार थांबवता येतात का, एखाद्या पत्त्याला विक्रीची बंदी घालता येते का, एवढे शोधा. कॉन्ट्रॅक्ट प्रॉक्सी स्वरूपाचा असेल तर आज दिसणारा कोड उद्या बदलता येतो, हेही लक्षात ठेवा. एका लोकप्रिय कोरियन मालिकेच्या नावाचा परवानगीविना वापर करणारे ‘स्क्विड’ टोकन ऑक्टोबर २०२१ मध्ये आले. भाव २,८०० डॉलरच्या वर गेला, पण घेणाऱ्यांना ते विकताच येत नव्हते आणि १ नोव्हेंबरला काही मिनिटांत तो भाव शून्यावर आला. धारकांची यादीही त्याच पानावर मिळते. पहिल्या पाच-दहा पत्त्यांकडे बहुतांश टोकन असतील आणि ते कुलूपबंद नसतील, तर भाव त्यांच्या मर्जीवर आहे.

टेलिग्रामवरचे ४० हजार सदस्य मोजू नका. एका दुपारी गटात नेमके किती जण हजर आहेत ते पाहा आणि संस्थापकांचे टोकन किती काळ गोठवलेले आहेत असा साधा प्रश्न विचारा.

एक सावधगिरी आत्ताच घ्या. बाउंटीसाठी नवे, रिकामे वॉलेट उघडा. १२ किंवा २४ शब्दांचा परवलीचा संच कोणालाही, कोणत्याही अर्जात देऊ नका. टोकन ‘क्लेम’ करण्यासाठी एखाद्या पानाला वॉलेट जोडून मंजुरीवर सही करायला सांगितली, तर ती मंजुरी तुमच्या वॉलेटमधील दुसऱ्याच वस्तूंवर असू शकते. रिकाम्या वॉलेटातून चोरण्यासारखे काही नसते, म्हणून ते रिकामेच ठेवायचे.

---

पुढचा थांबा

वरील दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, परंतु त्यांचा सूर मला अवाजवी कठोर वाटतो. ताईंना येथे पैसे गुंतवायचे नाहीत. फार तर श्रम जातील. सप्टेंबर २०२० मध्ये युनिस्वॅप या टोकनच्या अदलाबदलीच्या सेवेने आपल्या प्रत्येक जुन्या वापरकर्त्याला ४०० टोकन दिले होते आणि ज्यांनी ते काही महिने ठेवले त्यांना त्यातून मोठी रक्कम मिळाली. प्रत्येक मोहिमेत आठवडाभर चौकशी करत बसलो तर अशी संधी कोणाच्याच वाट्याला यायची नाही. दहा मोहिमांत भाग घ्यावा, नऊ बुडतील, एक लागेल, असा हिशेब करणारे अनेक जण मला माहीत आहेत.

---

हिशेबनीस

युनिस्वॅपचे उदाहरण येथे लागू पडत नाही, आणि का पडत नाही हे समजले तर ताईंचा अर्धा प्रश्न सुटेल. युनिस्वॅप आधीच चालू असलेली, लोक वापरत असलेली सेवा होती; १ सप्टेंबर २०२० पूर्वी ती ज्यांनी वापरली होती त्यांना टोकन मिळाले. त्यासाठी कोणालाही शेजाऱ्याला गळ घालावी लागली नाही. बाउंटीत नेमके तेच करावे लागते. श्रम बुडाले तर आपले बुडतात हे खरे, पण टेलिग्रामचा मराठी गट चालवताना जे लोक आपल्या शब्दावर टोकन घेतील त्यांचे श्रम नव्हे, पैसे बुडतात. दहापैकी नऊ मोहिमा बुडणार हे आधीच माहीत असेल, तर त्या नऊ गटांतील लोकांना काय सांगायचे?

महाराष्ट्राला हे नवे नाही. गेनबिटकॉइन या बिटकॉइन गुंतवण्याच्या योजनेत दरमहा १० टक्के परतावा, १८ महिने, असे आश्वासन होते. बिटकॉइन परत देणे जमेना तेव्हा लोकांच्या हातात योजनेचेच एमकॅप नावाचे टोकन ठेवले गेले. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य सूत्रधाराला अटक केली. त्या योजनेत लोक आले ते व्हाइटपेपर वाचून आलेले नव्हते; नात्यातल्या, कार्यालयातल्या, सोसायटीतल्या कोणीतरी आपल्या भाषेत समजावून सांगितले म्हणून आले होते. हे काम आता कागदावर ‘मराठी समुदाय व्यवस्थापक’ या नावाने येत आहे.

प्रचारकाची कायदेशीर जबाबदारी शून्य असते असाही समज आहे. बिटकनेक्ट जानेवारी २०१८ मध्ये कोसळले आणि मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने त्याच्या पाच प्रचारकांवर खटला भरला. अमेरिकी तारका किम कार्डाशियन यांनी इथिरियममॅक्स या टोकनच्या एका जाहिरातीसाठी अडीच लाख डॉलर घेतले आणि ते जाहीर केले नाही, म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांना १२ लाख ६० हजार डॉलर भरावे लागले. तुमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचे प्रकरण मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. टोमाहॉक या कॅलिफोर्नियातील तेलउत्खननाच्या नावाखाली काढलेल्या प्रकल्पाला विक्रीतून पैसा उभा करता आला नाही, तेव्हा त्याने बाउंटी म्हणून सुमारे ४० जणांना ८० हजारांहून अधिक टोकन वाटले. ऑगस्ट २०१८ मधील आदेशात आयोगाने असे म्हटले की पैसे न घेता, प्रचाराच्या बदल्यात दिलेले हे टोकनही रोख्यांची विक्रीच ठरतात. ‘आम्ही पैसे घेतले नाहीत, फुकट वाटले’ हा बचाव तेथे टिकला नाही. तो दंड प्रकल्पाच्या संस्थापकाला झाला, बाउंटी घेणाऱ्यांना नव्हे, हेही स्पष्ट करतो.

आपल्याकडे जाहिरातींच्या स्वयंनियमनाचे काम पाहणाऱ्या मुंबईतील एएससीआय या संस्थेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. क्रिप्टो उत्पादनांवर नियमन नाही, ती अत्यंत जोखमीची असू शकतात आणि नुकसान झाल्यास नियामकाकडे दाद मागता येईलच असे नाही, अशा आशयाची सूचना जाहिरातीत ठळकपणे द्यावी लागते. तुमच्या मोहिमेच्या नियमांत अशी सूचना लावण्याची मुभा आहे का, ते विचारून पाहा. मराठी गटाच्या माथ्यावर ही ओळ लावलेली चालणार नाही असे उत्तर आले, तर तुमची चौकशी तेथेच पूर्ण झाली.

करासंबंधी थोडेसे. १ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या विक्रीतील नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि वर उपकर आहे. खरेदी किमतीखेरीज कोणताही खर्च वजा होत नाही आणि तोटा दुसऱ्या कशातून वळता करता येत नाही. कामाचा मोबदला म्हणून टोकन मिळाले तर मिळाल्या दिवशीचा बाजारभाव हे तुमचे उत्पन्न धरले जाईल, असे माझे मत आहे. समजा त्या दिवशी भाव २० हजार रुपये होता आणि तुम्ही विकेपर्यंत तो २ हजारांवर आला, तर कर २० हजारांवरच बसेल आणि १८ हजारांचा तोटा कोठेही दाखवता येणार नाही. आपल्या सनदी लेखापालांना अवश्य विचारा.

---

मिरजेची अनुवादक

सर्वांचे मनापासून आभार. गेले चार दिवस सांगितल्याप्रमाणे एकेक गोष्ट तपासली. जे आढळले ते लिहिते.

सहापैकी चार छायाचित्रे कोठेच सापडली नाहीत. पाचवे छायाचित्र विकत मिळणाऱ्या छायाचित्रांच्या संग्रहात ‘हसरा व्यावसायिक’ या नावाखाली आहे. सहावी व्यक्ती खरी दिसते, पण तिच्या स्वतःच्या पानावर या प्रकल्पाचा उल्लेख नाही. मी तिला पत्र पाठवले आहे, उत्तर आलेले नाही. कंपनी खरोखर नोंदवलेली आहे, परंतु चार महिन्यांपूर्वी, आणि एकमेव संचालकाचे नाव चमूत नाही. ऑडिट अहवालातील पत्ता आणि टोकनचा पत्ता जुळत नाहीत. हे मी तीनदा पाहिले, कारण माझीच चूक होत असावी असे वाटत होते.

व्हाइटपेपरच्या १९ व्या पानावरील एक परिच्छेद मला नमुन्याच्या वेळीही उतरवता आला नव्हता आणि मी तो माझ्या अज्ञानाचा दोष समजले होते. तोच परिच्छेद शब्दशः दुसऱ्या एका प्रकल्पाच्या कागदपत्रात सापडला; येथे त्यातील फक्त नाव बदलले होते आणि एका ठिकाणी जुने नाव तसेच राहून गेले होते.

व्यवस्थापकाच्या आधीच्या मोहिमांपैकी दोहोंची शेवटची पाने शांत आहेत, तिसरीत लोक अजून टोकनची वाट पाहत आहेत. टेलिग्रामवर मी संस्थापकांच्या टोकनांविषयी अत्यंत सौम्य शब्दांत विचारले. दहा मिनिटांत माझा प्रश्न पुसला गेला आणि मला चोवीस तास लिहिण्यास मनाई झाली. गंमत म्हणजे त्यानंतर व्यवस्थापकाने मला खासगीत असे कळवले की काळजी असेल तर अनुवादाचा अर्धा मोबदला ते आधीच यूएसडीटीमध्ये (डॉलरशी भाव बांधलेल्या टोकनमध्ये) देतील, मात्र गट आठ दिवसांत सुरू व्हायला हवा. एवढे सगळे पाहूनही आगाऊ पैसे घेऊन केवळ अनुवाद करावा का, हा विचार मनातून पूर्णपणे गेलेला नाही, हे लिहायला संकोच वाटतो.

---

जुना बाउंटीवाला

संकोच कशाला, असा प्रस्ताव आल्यावर आम्हीही पाघळलो आहोत. पण पाहा, अनुवादाचे पैसे आधी द्यायला तयार असलेल्या माणसाला घाई अनुवादाची नाही, गटाची आहे. आवळा देऊन कोहळा काढण्याचा हा प्रकार आहे, आणि तो कोहळा तुमच्या ओळखीच्या लोकांकडून जायचा आहे. तुम्ही पाठवलेल्या दोन नमुना पानांचे काय झाले, ते मात्र आज पाहून घ्या. नमुना पसंत पडला असे सांगून तो तसाच वापरणारे मी पाहिले आहेत.

---

मिरजेची अनुवादक

आपला संशय खरा निघाला. ‘अधिकृत मराठी’ नावाचा गट मंगळवारीच उघडलेला होता. त्यात २१२ सदस्य आहेत, माथ्यावर माझी दोन पाने लावलेली आहेत आणि व्यवस्थापकांच्या यादीत माझे टेलिग्रामवरील नाव आहे. सदस्यांत मला हे काम सुचवणारा मुलगा आणि त्याचे दोन मामा आहेत. नाव काढण्याविषयी प्रकल्पाला लेखी कळवले आहे, टेलिग्रामकडे तक्रार केली आहे आणि गटात मला लिहिता येत नसल्यामुळे, आता त्या मुलाला घेऊन त्याच्या मामांकडे निघाले आहे.